तुझा भोंगा कधी होतो?

सकाळचे नऊ वाजून अठ्ठावीस मिनिटं. लॅपटॉप सुरू, व्हीपीएन जोडलेलं, हेडफोन कानावर, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खाली... असो. साडेनऊला 'स्टँडअप'. म्हणजे टीममधल्या प्रत्येकानं काल काय केलं, आज काय करणार आणि घोडं कुठं अडलंय, हे पटापट सांगायचं. नावात 'स्टँड' असलं तरी इतक्या वर्षांत मी तो एकदाही उभं राहून केलेला नाही. माझा नंबर येतो, मी म्यूट काढतो आणि नेमका त्याच क्षणी गल्लीत भंगारवाला शिरतो. त्याची ती लांबलचक तान ऐकून बंगळूरचा टेस्टर आदरानं विचारतो, "इज देअर अ टेंपल निअर युवर हाऊस?" मी म्हणतो, "येस."

एवढ्यात दार ढकलून आई आत येते. हातात पोह्यांची डिश. मी मान न वळवता दोन बोटं वर करतो. दोन बोटं म्हणजे 'दोन मिनिटं'. ही आमच्या घराची राष्ट्रीय खूण झालीय. पहिलीतली लेक बाहुल्यांना घेऊन 'ऑफिस-ऑफिस' खेळते तेव्हा मोडका रिमोट कानाला लावते आणि समोरच्या अस्वलाला दोन बोटं दाखवते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो. त्या दोन बोटांकडं नंतर परत यायचंय, लक्षात ठेवा.

तर मंडळी, मी उचगावचा. बेळगावजवळचं उचगाव वेगळं, ते कर्नाटकात. माझी पार्सलं अधूनमधून तिकडची हवा खाऊन येतात. आमचं उचगाव करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरच्या पूर्व अंगाला. एका हाताला पुणे-बंगळूर हायवे, दुसऱ्या हाताला गांधीनगरची कापडबाजारपेठ, पंचगंगेपलीकडं शिरोली एमआयडीसी आणि दक्षिणेला गोकुळ शिरगावची. गाव म्हणावं तर लिफ्टवाल्या अपार्टमेंट उभ्या राहिल्यात, शहर म्हणावं तर लिफ्टच्या दारात म्हैस बसलेली असते. हद्दवाढीत जावं की जाऊ नये, यावर टपरीवर कधीही वाद पेटू शकतो. मी त्यात पडत नाही. मला फक्त माझी फायबरची केबल प्यारी आहे. प्लॉट सपाट करायला आलेला जेसीबी दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

या भागाला परक्यांची सवय जुनी. शेजारच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात महायुद्धानं देशोधडीला लावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, त्यात बहुतेक बायका आणि पोरं. ते गेले आणि फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक तिथं राहिले. त्यातून आजचं गांधीनगर झालं. म्हणजे कुठून कुठून आलेल्या माणसांनी इथं बस्तान बसवलं. मी मात्र इथलाच. बस्तान बसवायला आधी पुण्याला गेलो आणि मग परत आलो.

पुण्याला गेलो २००८ साली. इंजिनिअरिंग झालं, कँपसमधून नोकरी लागली आणि त्याच वर्षी जगभर मंदी आली. जॉइनिंगची तारीख दोनदा पुढं गेली. ते पाच महिने आईनं गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. मग हिंजवडी, वाकडला वन-बीएचके, त्याचे हप्ते, आणि महिन्यातून दोन वेळा रविवारी रात्री तावडे हॉटेलच्या चौकातून पुण्याची बस. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. जेवणाचा डबा, चटणीची पिशवी, बसमध्ये आपल्यासारखीच चाळीस पोरं आणि सगळ्यांच्या पाठीला लॅपटॉप. पहाटे वाकडला उतरायचं, दोन तास झोपायचं आणि सोमवार सुरू.

मग ऑगस्ट २०१९ उजाडला.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट झालं की इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे आम्हा कोल्हापूरकरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि जवळपास आठवडाभर रस्ता बंद. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण नळाला पाणी नव्हतं, दुधाचा पत्ता नव्हता आणि अण्णांच्या शुगरच्या गोळ्या संपत आलेल्या. मी वाकडला टीव्हीसमोर. बायकोला सातवा महिना. आई फोनवर म्हणायची, "आमी बरं हाय, तू काळजी करू नको," आणि मागून अण्णांचा आवाज यायचा, "चार्जिंग संपंल, ठेव फोन." गोळ्या शेवटी शेजारच्यांनी कुठूनतरी मिळवून दिल्या. मी २३० किलोमीटरवर बसून काय केलं असेल? कोड लिहिला. रिलीज होतं.

तेव्हाच ठरवलं होतं की परत जायचं. पण ठरवणं वेगळं. ते घडवून आणलं करोनानं. २०२० च्या मार्चमध्ये, जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी, बाळ, दोन बॅगा आणि एक मॉनिटर गाडीत घालून आम्ही उचगावला आलो. पंधरा दिवसांसाठी. ते पंधरा दिवस अजून संपायचेत. बायकोनं बँकेत बदली मागितली आणि सुदैवानं कोल्हापूरची शाखा मिळाली. वरच्या मजल्यावरच्या खोलीला प्लायवूडचं दार बसवलं, इन्व्हर्टर घेतला आणि झालं माझं ऑफिस.

पहिलं वर्ष काय भारी गेलं म्हणून सांगू! दुपारी आईच्या हातची गरम भाकरी, रविवारी मटण, संध्याकाळी अंगणात लेकीला घेऊन चक्कर. पुण्यातल्या मित्रांना फोटो पाठवून जळवायचो. 'नाद खुळा', 'विषय कट' असे रिप्लाय यायचे. रविवारी रात्री तावडे हॉटेलला पोरांना सोडायला जायचो तेव्हा बसकडं बघून आत कुठंतरी गुदगुल्या व्हायच्या.

अडचण एकच होती. मी काम करतो, हे घरात कुणाला पटत नव्हतं.

अण्णांची चौतीस वर्षं शिरोलीतल्या फौंड्रीत गेली. मोल्डिंगला लागले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. काम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर धूर, वाळू, १४०० अंशांच्या घरातलं वितळलेलं लोखंड आणि शेवटी हातात धरता येईल अशी वस्तू. रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी ते इंजिनकडं बघून म्हणणार, "ह्यातलं काय काय आपल्याकडं ओतलंय म्हाईत हाय का?" आणि मी? खुर्चीत बसलेला, कानाला यंत्र, समोर काळा पडदा. "काय करालाईस?" असं ते दारातून विचारायचे. मी म्हणायचो, "काम." ते म्हणायचे, "बरं बरं," आणि गॅसचा नंबर लावायला सांगायचे.

एकदा मी त्यांना बग म्हणजे काय ते सांगायचा घाट घातला. बाहेरून सगळं ठीक दिसतं अण्णा, टेस्टिंगमध्येही पास होतं, पण आत चूक असते आणि ती क्लायंटकडं गेल्यावर सापडते. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे ब्लो होल! वरनं कास्टिंग चकाचक, आन् गिऱ्हाइकाकडं मशीनिंगला लावलं की आत भोक. आख्खा लॉट रिजेक्शन." त्या दिवसापासून ते रोज जेवताना विचारायला लागले, "आज किती रिजेक्शन?"

माझं काम त्यांना पटलं खरं, पण वेळेचा हिशेब काही पटेना. आमचा क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. त्यांच्या सकाळी दहाला कॉल, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागं जातात, की आपला कॉल साडेआठला. मार्चमध्ये पुन्हा साडेसात. थोडक्यात, उचगावात आमच्या घरी भाकऱ्या कधी थापायच्या, हे वर्षातून दोनदा अमेरिकेचं सरकार ठरवतं. आई वैतागून म्हणते, "त्या बायडनला सांग, पोराला जेवू दे म्हणावं." मग ट्रम्प आले. वेळ तीच राहिली.

सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ. मधले तास मोकळे असायला हवेत, पण ते तसे राहत नाहीत. लॅपटॉप शेजारी आहे, फोन खिशात आहे, मेसेज टुंग वाजतो. ऑफिस असताना निदान पार्किंगपर्यंत चालत जावं लागायचं. आता ऑफिसातून घरी यायला अकरा पायऱ्या. त्या अकरा पायऱ्यांवरसुद्धा मी मेसेज वाचत उतरतो.

गेल्या श्रावणातला सोमवार. बायको बँकेत, लेक शाळेत, आई महादेवाच्या देवळात. साडेदहाच्या सुमाराला आमचं प्रॉडक्शन झोपलं. क्लायंटच्या ऑर्डरी अडकल्या, कॉलवर चौदा माणसं आणि स्क्रीन शेअर करणारा मी. कानावर बाहेरचं काही ऐकू न देणारे हेडफोन, भंगारवाल्याच्या भीतीनं खास घेतलेले.

दार वाजलं. वाजलं म्हणजे हादरलं, म्हणून कळलं. मी एका हातानं टाइप करत दुसऱ्या हातानं कडी काढली. शेजारच्या काकू. त्या काहीतरी बोलत होत्या, ओठ हलताना दिसत होते. मी त्यांना दोन बोटं दाखवली आणि वळलो.

काकूंनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन खेचून काढला. "अरं, बाप पडलाय खाली!"

अण्णांनी शुगरची गोळी घेतली होती आणि श्रावणी सोमवार म्हणून काही खाल्लं नव्हतं. साखर उतरली. स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून खाली बसलेले, सदरा घामानं भिजलेला, बोलणं जड. त्यांनी मला हाका मारल्या होत्या. दोन-तीन नाही, बऱ्याच. विरजण मागायला आलेल्या काकूंना त्या अंगणात ऐकू आल्या. मला अकरा पायऱ्यांवर ऐकू आल्या नाहीत. वर येण्याआधी काकूंनी त्यांना साखरपाणी पाजलं होतं, म्हणून दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, गोळी घेत असाल तर उपवास बंद. महादेव समजून घेतील.

तसं बघितलं तर काहीच झालं नाही. दुपारी प्रॉडक्शनही उठलं. मॅनेजरनं ग्रुपवर टाळ्यांचा इमोजी टाकला.

रात्री झोप लागेना. पुरात मी २३० किलोमीटरवर होतो, मधे ५५ फूट पाणी होतं. तेव्हा माझा इलाज नव्हता. या वेळी मधे काय होतं? एक प्लायवूडचं दार. ज्या माणसांसाठी मी पुणं सोडून आलो, त्यांना मी दोन बोटं दाखवत होतो. आणि काकूंना 'दोन मिनिटं' करताना माझा हात आपोआप वर गेला होता, एवढी ती सवय मुरलेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या शेजारी जाऊन बसलो. माफी मागायची होती, पण आमच्याकडं बापाची माफी मागायची पद्धत नाही. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हीपण नाईट मारायचाच की. ओव्हरटाइम करायचाच की."

"करायचो. पर भोंगा व्हायचा."

"म्हणजे?"

"पाळी संपली की भोंगा व्हायचा. भोंगा झाला की हात धुवायचं, सायकल काढायची, घरला. पुढच्या पाळीचा गडी उभाच असायचा. त्यावर थांबलं तर पैसं डब्बल." ते थोडा वेळ थांबले. "तुझा भोंगा कवा हुतो?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. अण्णांच्या फौंड्रीला १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट लागू होता. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८, वरच्या कामाला दुप्पट दर. ते फार शिकलेले नाहीत, पण हे आकडे त्यांना पुराच्या फुटांसारखे पाठ आहेत. मी संगणकातला पदवीधर, आणि माझ्या आठवड्याचे तास किती, हे मी कधी मोजलेलेच नव्हते. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून सुटका कशी मिळेल, यावर कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडं तसा कायदा व्हावा म्हणून २०१८ साली खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. तेव्हा त्याची बातमी मी वाचली होती. रात्री पावणेबाराला, ऑफिसातून येताना कॅबमध्ये.

मग अण्णांनी 'कोल्ड शट' सांगितलं. साच्यात मेटल ओतताना धार तुटली, हात थांबला, किंवा मेटल गार पडलं, की दोन बाजूंनी आलेले ओघ एकमेकांना भेटतात खरे, पण एकजीव होत नाहीत. "वरनं बगितलंस तर जोडल्यागत दिसतंय. बारीक रेघ असती, न्हाई कळायची. हातोडा मारला की दोन तुकडं." एवढं बोलून ते उठले आणि टीव्ही लावायला गेले. मला उद्देशून बोलले की नुसतंच फौंड्रीचं सांगितलं, अजून कळलेलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण महिन्याभरापूर्वी कंपनीचा मेल आला. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या. सोबत मॅनेजरचा फोन: आलास तर टीम लीडची जागा तुझी, नाहीतर 'रिमोट एक्सेप्शन' मागता येईल, पण मग पुढचं काही सांगता येत नाही. चाळिशीला टेकलेल्या डेव्हलपरला 'पुढचं काही सांगता येत नाही' याचा अर्थ बरोबर कळतो. पगारात फरक मोठा आहे. वाकडच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत.

बायकोला विचारलं. बँकवाली बाई, हिशेबाला पक्की. म्हणाली, "रविवारी रात्री जाणार, बुधवारी रात्री निघून गुरुवारी पहाटे येणार. म्हणजे आठवड्यात चार दिवस घरी. वाईट नाही."

"आणि आत्ता?"

"आत्ता शून्य."

मी हसलो. ती हसली नाही.

अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "पुण्याला जा, न्हाईतर हितं ऱ्हा. पर ऱ्हाशील तितं ऱ्हा." आई म्हणाली, आधी जेवून घ्या, मग ठरवा.

आठ दिवस डोकं खाऊन शेवटी मेल लिहिला. उचगावातूनच काम करीन. लीडची जागा नको. रात्रीचे कॉल मंगळवार आणि गुरुवारी घेईन, बाकीचे दिवस टीमनं वाटून घ्यावेत. प्रॉडक्शन बंद पडलं तर ज्याची पाळी असेल त्यानं उठावं, माझी असेल तेव्हा मी उठेन. पाठवायचं बटण दाबताना हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू? मॅनेजरचं उत्तर दोन शब्दांचं: "लेट्स सी." तीन महिन्यांनी बघू, असा त्याचा अर्थ. तीन महिन्यांनी काय होईल, मलाही माहीत नाही. सगळ्यांना माझ्यासारखं नाही म्हणता येणार नाही, हेही माहीत आहे. आमच्या घरात दुसरा पगार आहे आणि डोक्यावर अण्णांनी बांधलेलं छप्पर आहे, म्हणून मी म्हणू शकलो. रविवारी तावडे हॉटेलला बसमध्ये चढणाऱ्या कितीतरी पोरांकडं या दोन्ही गोष्टी नाहीत.

पण भोंगा मात्र बसवला. संध्याकाळी साडेसहाला. अलार्म लावणार होतो, तर लेक म्हणाली, मी करते. अण्णांनी तिला फौंड्रीचा भोंगा कसा वाजायचा ते तोंडानं करून दाखवलं. आधी खोल, मग चढत जाणारा, आणि शेवटी एकदम तुटणारा. आता रोज साडेसहाला ती पायऱ्या चढून येते, दारात उभी राहते आणि छाती भरून "भोंऽऽऽऽ" करते. मागच्या आठवड्यात एका रिव्ह्यू कॉलला तो आवाज पार हैदराबादपर्यंत गेला. "व्हॉट वॉज दॅट?" कुणीतरी विचारलं. म्हटलं, शिफ्ट संपली.

काल भोंगा झाला तेव्हा एक फंक्शन अर्ध्यावर होतं. शेवटची ओळ, खरंच शेवटची. मान न वळवता माझी दोन बोटं वर गेली. काही क्षण काहीच आवाज नाही. मग खुर्चीशेजारी छोटी पावलं, आणि एका चिकट हातानं माझं एक बोट खाली दुमडलं. मग दुसरं.

फंक्शन अजून अर्ध्यावर आहे. उद्या सकाळी साडेनऊच्या स्टँडअपला सांगीन.